मुठीतली हराळी

“इकत आणली? हराळी?”

खिडकीच्या जाळीतून आत्याचा आवाज आत आला आणि मी पुस्तक तसंच उघडं ठेवून कान दिला. बाहेर अंगणात टेम्पो उभा होता. नर्सरीची दोन माणसं त्यातून गवताच्या चौकोनी लाद्या उतरवत होती. ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या त्या लाद्यांना खाली मातीचा बोटभर थर होता. बाबा एकेक लादी दोन्ही हातांवर घेऊन उलटीसुलटी पाहत होते, साडीच्या दुकानात आई काठ तपासते तसे.

“हराळी नाही बाई, लॉन हाय,” बाबा म्हणाले. “सिलेक्शन म्हंतात याले.”

“मले नोको शिकवू. हे पाह्य कांडं, हे पाह्य मूळ. जल्म गेला माहा हिले उपटू-उपटू.” आत्या थोडी थांबली आणि मग तिच्या आवाजात हसू आलं. “अन् तू तिले नवरीसारखी टेम्पोत बसवून आणली गा, बापू!”

नर्सरीची माणसंही हसली. बाबा हसले नाहीत. ते लादी खाली ठेवून तिच्यावर पाणी शिंपडू लागले.

मी मोबाईलवर शोधलं. आत्याचं बरोबर होतं. आमच्या अंगणात जे बसवलं जात होतं ते हराळीच्याच घराण्यातलं होतं, फक्त पान बारीक आणि वाढ बुटकी. ज्या गवताशी वऱ्हाडातली बाई पावसाळाभर वावरात भांडते, त्याच गवताचा सुधारलेला वाण. मला हे फार गमतीचं वाटलं, पण बाहेर जाऊन कोणाला सांगितलं नाही. मी तेव्हा फारसं कोणाला काही सांगत नसे.

अमरावतीच्या इंग्रजी शाळेत आणि पुढे तिथल्याच कॉलेजात हॉस्टेलवर राहून मी नुकतीच मंगरूळपीरला परत आले होते. परीक्षांचा अभ्यास घरी बसून करायचा, असं ठरलं होतं. वऱ्हाडी मला सगळी कळते. पण माझ्या तोंडून जी मराठी येते ती धड्यातली येते. आमच्याकडे बायासुद्धा ‘मी जातो’ म्हणतात आणि मी ‘जाते’ म्हणते. “हे पोरगी पेपरातल्यासारखी बोलते,” असं आत्या एकदा आईला म्हणाली होती. तिनं प्रेमानंच म्हटलं असेल, पण त्यानंतर तिच्यासमोर तोंड उघडताना मला प्रत्येक शब्द आधी तपासावासा वाटे. तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. मग मी ऐकायचं काम घेतलं. माझ्या खोलीची खिडकी अंगणावरच उघडते आणि उन्हाळ्यात तिच्यात कूलर बसवलेला असतो. कूलरच्या बाजूला हातभर जाळी उरते. तेवढी मला पुरायची.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं घर कामरगावच्या पलीकडच्या एका लहान गावात. मुलगा-सून पुण्याकडे कंपनीत, त्यामुळे ती एकटीच राहायची. हिवाळ्यात ती न्हाणीपाशी घसरून पडली आणि शेजारची बाई विस्तव मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नव्हतं, गुडघा सुजला होता. बाबा जाऊन तिला घेऊन आले. “बरं वाटेपर्यंत,” असं ती म्हणाली. “आता इथंच,” असं बाबा मनात म्हणाले असावेत, कारण त्यांनी मधली खोली रंगवून घेतली.

पण आत्याची पिशवी कधी रिकामी झाली नाही. कापडी पिशवी, चेनची, खाटेखाली. ती अंघोळीनंतर पिशवीतून लुगडं काढायची, वाळलेलं लुगडं घडी करून परत पिशवीत ठेवायची आणि चेन ओढून लावायची. आईनं कपाटाचा एक खण तिच्यासाठी मोकळा केला होता. तो मोकळाच राहिला. बाबा ऑफिसातून आले की आधी त्या खोलीत डोकावत. ते पिशवीकडे बघतात, हे मला कळलं होतं.

आमच्या लेआउटमधल्या सगळ्या घरांपुढे गट्टू बसवलेले आहेत, म्हणजे सिमेंटचे ते रंगीत ठोकळे. आईलाही गट्टूच हवे होते. झाडायला सोपे, चिखल नाही, पाणी नाही. हिरवळ एकट्या बाबांना हवी होती, आणि का, ते त्यांनी फक्त एकदाच सांगितलं, तेही जेवताना, भाजी वाढून घेता घेता. आमचे आजोबा एका सरकारी विश्रामगृहात बागेला पाणी घालायचे. लहानपणी बाबा त्यांची भाकर घेऊन जायचे. दोघं हिरवळीच्या कडेच्या मुरमावर बसून जेवायचे.

“हिरवळीवर बसू द्यायचे नाहीत?” मी विचारलं. हा मी विचारलेल्या थोड्या प्रश्नांपैकी एक.

“कोणी कधी ‘बसू नको’ म्हटलं नाही,” बाबा म्हणाले. “म्हणायची गरजच नव्हती.” आणि त्यांनी आईला मीठ मागितलं.

त्यामुळे एक अडचण झाली. नव्या हिरवळीवर सुरुवातीला कोणी पाय ठेवायचा नसतो, आणि आमच्या घरी ‘पाय ठेवू नका’ म्हणणारं कोणी नव्हतं. मोबाईलवर वाचून सगळ्या सूचना मीच बाबांना सांगितल्या होत्या. त्यांनी चारी बाजूंनी सुतळी बांधली, तिला आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या लटकवल्या, आणि पाहुणा आला की स्वतःच सुतळी वर धरून म्हणायचे, “या, या, इकडून जवळ पडते.” पाहुणा आत गेला की त्याच्या पावलांच्या जागी हळूच पाणी मारून यायचे.

मोबाईलवरच्या सूचना बहुतेक थंड देशांतल्या होत्या. तिथे गवताला ऊन मिळावं म्हणून झाडाच्या फांद्या छाटतात. आमच्याकडे मार्च संपायच्या आत बाबांनी बांबू रोवून हिरवी नेट बांधली. काळी माती इथे वाळली की भेगाळते; आधीच तिच्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलं होतं, तरी लाद्यांच्या मधे फटी पडल्या. मी चाळलेली माती आणि रेती एकत्र करून डब्यातून त्या फटींत भरत असे. हे काम मला आवडायचं. कोणाशी बोलावं लागत नसे, आणि जवळून बघितलं की हिरवळ म्हणजे केवढा कारभार असतो ते दिसायचं. कडा आधी वाळतात. मधलं गवत एकमेकांना सावली करतं, कडेच्याला एका बाजूनं कोणी नसतं. पाणी कमी पडलं की पान आधी मिटतं, सुईसारखं होतं, आणि हिरव्याचा रंग निळसर राखेकडे झुकतो. पाऊल ठेवलं तर ठसा तसाच राहतो, गवत उठून उभं राहत नाही. पाणी मिळालेलं गवत थोड्याच वेळात उठतं. मी पंज्यानं दाबून बघायची आणि वाट पाहायची.

पाणी उजाडायच्या वेळी द्यायचं. दुपारी नाही. हे बाबांचं काम. बोअरला एप्रिलपासून धार बारीक व्हायची आणि आई स्वयंपाकघरातून ऐकवायची, “प्याच्या पाण्याले टाकी भरत नाही, अन् इथं गवताची आंघोळ!” तरी धुण्याचं शेवटचं साधं पाणी ती बादलीत धरून ठेवत असे आणि बादली मुकाट्यानं दारात आणून आदळत असे. आत्या पायरीवर बसून हे सगळं बघायची.

“आमी हिले वावरातून काढून धुऱ्यावर फेको,” ती सांगायची. धुरा म्हणजे शेताचा बांध. “उन्हानं मरल म्हून. अन् हे बसे धुऱ्यावर हातपाय पसरून. पाणी लागलं का उठली. मरत नाही, माय, हे. अन् तुमी हिले जगव्याची चिंता करून राह्यले.”

पण गवत लागलं. कसं कळलं, तर एका सकाळी मी लादीचा कोपरा चिमटीत धरून हलकेच वर ओढला आणि तो आला नाही. खालच्या जमिनीनं धरून ठेवला होता. मी बाबांना बोलावलं. त्यांनीही ओढून बघितला. मग सगळ्या लाद्यांचे कोपरे त्यांनी एकामागून एक ओढून बघितले, आणि उठून सुतळी सोडली.

त्या संध्याकाळपासून आत्या हिरवळीवर बसू लागली.

आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की पुढच्या अंगणात घराची सावली पडते. माझ्या खिडकीखाली, भिंतीपासून थोडं पुढे, ती चटई टाकायची आणि गुडघा लांब करून बसायची. पलीकडच्या घरात काकू राहतात. त्यांच्या-आमच्या मधे भिंत नाही, तारेचं कुंपण आहे, आणि एका ठिकाणी तार वाकवून त्यांनी यायची वाट केली आहे. त्यांच्याकडे चार-दोन गावरान कोंबड्या आहेत आणि गावभरच्या बातम्या आहेत. पहिल्या दिवशी त्या “काय वं बाई, गार लागते काय इथं?” म्हणून नुसतं बघायला आल्या आणि बसल्या. मग रोजच.

त्या दोघींचं बोलणं मी खिडकीतून ऐकत असे. कोणाची सून, कोणत्या वावरात कोणतं पीक, दर्ग्यावर कोणी काय नवस बोललं, शिरपूरच्या रस्त्यावर कोणाची गाडी पंक्चर झाली. आत्या हसायची तेव्हा आधी आवाज येत नसे, नुसता श्वास. तिला असं हसताना मी आमच्या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं.

एक दिवस मी मधल्या खोलीत इस्त्री ठेवायला गेले आणि कपाटाचा खण उघडा दिसला. त्यात लुगडी होती. एकावर एक, नीट. पिशवी खाटेखालीच होती, पण चपटी. मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी आधीच पाहिलं असणार, कारण त्या रात्री ते जेवताना उगाच एक जुनी गंमत सांगत राहिले.

टक्कल त्यानंतर पडू लागलं.

आधी ते नीट लक्षात येत नव्हतं. खिडकीसमोरच्या भागात गवत विरळ वाटायचं, इतकंच. मग तिथली माती दिसू लागली. बाबा म्हणाले, हुमणी. त्यांनी वावरात हुमणीनं खाल्लेली मुळं बघितली होती. नर्सरीवाला फोनवर म्हणाला, बुरशी असेल, पाणी कमी द्या. आई म्हणाली, पंचेचाळीस डिग्रीत दुसरं काय होणार. “बुद्ध पौर्णिमेपर्यंत पाहू. नाही तं गट्टू.” बुद्ध पौर्णिमेला सगळ्या नातेवाइकांना हिरवळीवर बसवून खीर द्यायची, असं बाबांनी कधीचं ठरवलं होतं.

मला तर अभ्यासापेक्षा हेच बरं वाटलं. हुमणी आहे की नाही ते बघायला साबणाचं पाणी ओतायचं, किडे वर येतात, असं वाचलं होतं. मी ओतलं आणि उकिडवी बसून राहिले. एक गांडूळ वर आलं, माझ्याकडे तोंड केलं असावं, आणि दुसरीकडे निघून गेलं. मी चमच्यानं माती उकरली. अळी नाही. बुरशी असेल तर पानावर डाग हवेत. डाग नव्हते. पिवळेपणाही नव्हता. टकलाच्या अगदी कडेचं गवतसुद्धा तजेलदार होतं. म्हणजे ते आजारी पडून गेलं नव्हतं. ते नुसतं नव्हतं. आणि त्या टकलाला आकार होता. अर्धगोल, कंपासनं काढावा तसा.

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट दिसली. माझ्या खिडकीखाली कूलरचं पाणी टपकतं. तिथे भिंतीच्या पायथ्याशी आम्ही काहीच लावलं नव्हतं, नुसता मुरूम होता. आणि तिथे हिरवळीची पट्टी उगवली होती. तेच बारीक पान. लादी नाही, बी नाही, आणि गवत मात्र जोमात. इकडे लावलेलं नाहीसं होत होतं आणि तिकडे न लावलेलं येत होतं. मी या दोन गोष्टी किती तरी वेळ वेगवेगळ्या धरून बसले होते.

मग एका संध्याकाळी वीज गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, आणि हवेसाठी मी तोंड जाळीला लावून बसले. खाली आत्या आणि काकू बोलत होत्या. विषय कोणाच्या तरी लग्नातल्या वांग्याच्या भाजीचा होता. आत्याचं तोंड काकूंकडे होतं, डोळे काकूंकडे होते, डावा हात गुडघा चोळत होता. आणि उजवा हात एकटाच काम करत होता.

तो हात मला आजही जसाच्या तसा दिसतो. चार बोटं गवतात शिरायची, चाचपायची, बुडाशी जायची. अंगठा वरून यायचा, मनगट किंचित वळायचं, आणि मुळासकट काडी बाहेर. तुटत नसे. दुसरी. तिसरी. मूठ भरली की हात खांद्यावरून मागे जायचा आणि मूठ उघडायची. गवत भिंतीशी, कूलरच्या पाण्यात पडायचं. धुऱ्यावर फेकावं तसं. आणि हात परत पुढे. भाजीत तेल किती होतं, ते सांगताना आत्या क्षणभरही अडखळली नाही. हात काय करतो आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

अर्धगोल हा तिच्या हाताच्या लांबीचा होता.

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. कारण हे सांगायचं तर काय होईल, ते मला दिसत होतं. बाबांनी सकाळी-सकाळी उठून जगवलेलं गवत आपण रोज उपटतो, हे आत्याला कळलं तर ती लाजेल. ती लाजली की बसायची नाही. बसली नाही की काकू यायच्या नाहीत. मग ती पायरीवर, नंतर खोलीत, आणि मग खणातली लुगडी पिशवीत. गावी त्या न्हाणीपाशी ती पुन्हा एकटी.

म्हणून मी न बोलता काही करता येतं का ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे चिंचेची टोपली आणून ठेवली, फोडायला. हात कामात राहील. तिनं दुपारीच सगळी फोडून ठेवली आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी येऊन बसली. मग मी चटई पायऱ्यांजवळ सरकवली. तिनं ती ओढत परत आणली. “तथं गरम लागते, माय. इथं ठंडाई हाय.” शेवटी मी स्वतःच तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, पुस्तक घेऊन, म्हणजे मधे अडसर. काकू म्हणाल्या, “आज कोण आलं आपल्यात!” आत्यानं सरकून जागा दिली. त्या बोलत राहिल्या. मी ऐकत राहिले. गार गवत, घराची सावली, कोणाच्या तरी हरवलेल्या म्हशीची हकीकत. म्हैस सापडली तेव्हा मी खाली पाहिलं, आणि माझ्या बोटांत तीन-चार काड्या होत्या. मुळं माझ्या नखात मातीसकट अडकली होती. मी आयुष्यात कधी निंदायला गेलेले नाही. शाळेच्या सहलीशिवाय वावरात पाऊल टाकलेलं नाही. मी त्या काड्यांकडे पाहत राहिले आणि मग, कोणी पाहायच्या आत, ओल्या मातीत बोटानं भोक पाडून त्या परत खोचल्या. दोन-तीन दिवस गेले, तरी त्या उभ्याच होत्या.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. टक्कल तसंच होतं, किंबहुना एका बाजूनं वाढलं होतं. त्या दिवशी ऊन उतरल्यावर आई बादली घेऊन बाहेर आली आणि टकलाच्या मधोमध काकूंची कोंबडी पाय झाडून माती उकरत होती.

“सापडला चोर!” आई ओरडली आणि बादली ठेवून झाडू घेऊन धावली. कोंबडी बोंबलत कुंपणापलीकडे गेली. काकू बाहेर आल्या. आत्या चटईवर बसलीच होती. बाबा कोपऱ्यात पाइप गुंडाळत होते, ते गुंडाळायचे थांबले. मी जाळीमागे.

“रोज येऊन राह्यल्या काकू, तुमच्या कोंबड्या,” आई म्हणाली. “साऱ्या लॉनीचा सत्यानाश केला. पोरीचे बाबा पाच वाजता उठतात पाणी द्याले.”

“माह्या कोंबड्या गवत कायले उपटतील वं? ज्वारी टाकतो मी त्याईले, पसापसा.”

“मंग हे टक्कल काय आपोआप पडलं?”

“ते तुमच्या घरवाल्याले इचारा, त्यानं काय औषध मारलं तं! कोंबडी आत्ता आली, टक्कल पहिलेचं हाय. म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

“डोयानं पाह्यलं तं बांधून ठेवाव्या कोंबड्या.”

“बांधतो. कोंबड्या बी बांधतो अन् मी बी नाही येत. हे पाहा, तार सरळ करून टाकतो आजच.” आणि काकू खरंच वाकलेल्या तारेपाशी जाऊन ती दोन्ही हातांनी सरळ करायला लागल्या.

“ऐका ना, राहू द्या,” बाबा म्हणाले, पण कोणाला उद्देशून ते कळलं नाही, आणि कोणी ऐकलंही नाही.

आत्या उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, अर्धी उठून ती थांबली. “तिले नोको बोलू वयनी. इथं याच्या आंधी मी दिवसभर भिंतीकडे पाहून बसो. तेच एक बाई येते माह्यापाशी. तिनं नाही याचं तं मी तरी कायले राहू? जातो मी गावले. सकाळच्या गाडीनं.”

आईनं हातातला झाडू खाली केला. तिला असं काही नको होतं. तिला फक्त गट्टू हवे होते.

मी बाहेर आले. चप्पलही घातली नाही. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, शब्द तपासलेले नव्हते. मी आत्याजवळ जाऊन खाली बसले आणि तिचा उजवा हात धरला. मूठ मिटलेली होती. मी तिची बोटं एकेक करून उघडली.

तळव्यावर हराळी होती. मुळांसकट, ताजी, मूठभर.

आत्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, तो दुसऱ्या कोणाचा असावा तशी. मग तिनं टकलाकडे पाहिलं. मग मान वळवून भिंतीच्या पायथ्याशी, कूलरखालच्या त्या हिरव्या पट्टीकडे पाहिलं. तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

“अवं माय,” ती म्हणाली. “मीच काय वं?”

काकूंनी तार सोडली. “काय झालं?” म्हणून त्या वाकून बघू लागल्या, आणि मग कपाळावर हात मारला. “घ्या! माह्या कोंबड्या निर्दोष सुटल्या! हे पाहा, खरी कोंबडी तं इथं बसून हाय!”

आधी आत्याचा तो बिनआवाजाचा श्वास आला, मग आवाज. पदर तोंडात धरून ती हसत होती. आई झाडू टेकवून हसत होती आणि मधेच काकूंना म्हणत होती, “चुकलं माय माहं, या ना आतमंधी.” काकू आल्या. बाबासुद्धा हसले. ते जवळ येऊन खाली बसले आणि आत्याच्या तळव्यावरची एक काडी त्यांनी उचलून पाहिली.

“लय चांगलं काढते बाई,” ते म्हणाले. “एकही तुटली नाही.”

त्यावर पुन्हा हसणं झालं. पण ते ओसरलं तेव्हा आत्यानं तोंडातला पदर काढला. ती टकलावरून हात फिरवत होती, उपटण्यासाठी नाही, नुसता तळवा.

“म्या बिघडवली तुही लॉन, बापू. किती पाणी देल्लं तू हिले.” ती बाबांकडे पाहत नव्हती. “अन् आता कळलं तरी हा हात काही आयकत नसते. बोलाच्या नादात फिरून तेच करन. मले इथं बसू नोको देऊ. तसं बी गुडघा बरा हाय आता. जातो मी. पौर्णिमा करतो अन् जातो.”

बाबा हातातली ती काडी बोटांत फिरवत राहिले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. ‘बस’ म्हणायला ते आसुसलेले होते, पण ‘बस, पण उपटू नको’ हे त्यांच्यानं बहिणीला कधीच म्हणवलं नसतं, आणि नुसतं ‘बस’ म्हटलं तर ती ऐकणार नव्हती. आई माझ्याकडे बघत होती. काकू बघत होत्या. इतकी माणसं माझ्याकडे बघत असताना मी एरवी आत निघून गेले असते.

मी आत्याच्या तळव्यावरची हराळी घेतली. टकलाच्या मधली माती आईच्या बादलीतल्या पाण्यानं भिजवली. बोटानं भोक पाडलं, एक कांडी त्यात उभी केली आणि दोन्ही बाजूंनी माती दाबली. मग दुसरी. आत्या वाकून बघत होती. तिची बोटं शेजारच्या गवतात शिरली होती, आणि या वेळी तिनं ती पाहिली आणि झटकन मागे घेतली.

“जाऊ नको, आत्या,” मी म्हणाले. “तू बस, आणि उपट. मी मागून लावत येते.”